उत्तमरावांचे रविवार

४ जानेवारी २०२६, रविवार

निली आजही घराबाहेर पडली नाही.

ममताने वालाचं बिरडं केलं होतं. त्याचा डबा घेऊन सकाळीच मीरा रोडला गेलो. बहिणीने दार उघडलं, डबा घेतला, 'बस दादा' म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी. मी पाहिलं ना. कोरडी होती, तरी घासत होती.

उत्तमरावांना जाऊन अकरा महिने होत आले. माणूस बुधवारी सकाळी ऑफिसच्या बुटांना पॉलिश करता करता गेला. एक बूट चकचकीत, दुसरा तसाच. तेव्हापासून निली घरात. बँक, दवाखाना, खालचा भाजीवाला — संपला तिचा नकाशा. आणि ही ती बाई, जिने तीस वर्षांत एक रविवार घरात काढला नाही!

म्हणजे काढू दिला नाही उत्तमरावांनी. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणून मी अहो-जाहो करायचो. आठवडाभर पोस्टात काउंटरवर बसायचे. रविवार उजाडला की डोंगर, खाडी, किल्ला, मिठागर, जे समोर येईल ते. पाचला थर्मास भरायचा, सहाची बस. बायको आणि मुलगी बरोबर हव्यातच. हा माणूस एकटा कधी गेला नाही. निलीला ताप असला की हेही घरी. मी चिडवायचो, 'उत्तमराव, एखादा रविवार मित्रांबरोबर जा की.' तर म्हणायचे, 'दादा, घरचे बरोबर नसले तर डोंगर दाखवायचा कोणाला?'

'कुटुंबवत्सल' हा शब्द मी मांडवाच्या कनातीमागे उभा राहून हजार भाषणांत ऐकलाय. बहुतेक ठिकाणी मला आतली गोष्ट माहीत असते, म्हणून हसू येतं. या एका माणसाला तो शब्द मापात बसायचा.

५ जानेवारी, सोमवार

ममता म्हणते, तिला वेळ द्या. अकरा महिने म्हणजे काय कमी आहेत? पण बायकोशी वाद घालायचा नाही, हे मी मांडवाच्या धंद्याआधी शिकलोय.

काशीमीऱ्याला ट्रक असे अडकले होते की गाडी सोडून गोदामापर्यंत चालत गेलो. साठाव्या वर्षी. उत्तमराव असते तर टाळी दिली असती.

९ जानेवारी, शुक्रवार

दुपारी समिधा गोदामात आली. निलीची एकुलती एक. सव्वीस वर्षांची, कॉम्प्युटरमधली, बोलायला बापासारखी हळू आणि हट्टाला आमच्या घराण्यासारखी. बांबूच्या थप्पीवर बसली.

'मामा, एक मांडव हवाय.'

'लग्न ठरवलंस? आम्हाला न सांगता?'

'बाबांच्या वर्षश्राद्धासाठी.'

गुरुजींनी तिथीवरून एक फेब्रुवारी काढून दिलीय. आणि तो निघाला रविवार! 'बघ, बरोबर गाठला बाबांनी,' म्हणाली. सकाळचं कार्य घरी, पण जेवण बाहेर, मोकळ्यावर. आमच्या राई गावाला खाडीकाठी चुलत्यांची मोकळी जागा आहे, तिथे. बापाची सगळ्यात लाडकी जागा ती. मीरा रोडला राहायला आल्यापासून महिन्यातला एक रविवार तरी तिथे असायचा.

मग खरं कारण बाहेर आलं. मी बांबू मोजायचं नाटक करत गप्प राहिलो. गप्प राहिलं की लोक बोलतात, हा माझा जुना अनुभव. पुण्याला नोकरी मिळालीय. मोठी आहे. दहा फेब्रुवारीपर्यंत हो की नाही कळवायचंय.

'आई अशीच दार लावून बसणार असेल तर मी नाही जाणार, मामा. तिला एकटं टाकून कशी जाऊ? पण तिला यातलं काही सांगू नकोस. नोकरीचं कळलं तर उद्याच बॅग भरून देईल माझी, आणि स्वतः आतून कडी लावून बसेल.'

'आणि मांडवाने काय होणार?'

'एकदा ती तिथे आली ना, की पुढचं आपोआप होईल. बाबांबरोबर जायची ती जागा आहे.'

माझं पोरगं दुबईला, महिन्यातून एक फोन. ही भाची माझ्या बांबूंवर बसून आईसाठी नोकरी सोडायला निघालीय. हो म्हटलं. या कामाचा मी कंत्राटदार नाही, मामा आहे.

११ जानेवारी, रविवार

निलीशी बोललो. समिधा मुद्दाम आतल्या खोलीत.

'खाडीवर? कशाला? खाली सोसायटीचा हॉल आहे की.'

'उत्तमराव कधी हॉलमध्ये दहा मिनिटं बसले होते का?'

'ते नाही बसायचे. पण आता ते आहेत का?'

शेजारची हिना तेवढ्यात ढोकळा घेऊन आली आणि उभ्या उभ्या आमच्या बाजूने बोलायला लागली. 'दीदी, जाओ ने! थोडी हवा लगेगी.' भली बाई आहे. वर्षभर रोज काही ना काही निमित्त काढून या दारात येते.

निली म्हणाली, 'तुम्ही करा. वडे, खीर सगळं मी इथून करून देते. मी नाही यायची.'

'का पण?'

'बरं दिसत नाही.'

कोणाला, ते सांगितलं नाही. निघताना मात्र दारात विचारलं, 'जेवण किती वाजता ठेवलंय?'

'साडेबारा.'

'एक तारखेला. साडेबारा,' ती म्हणाली. भाजी चाखून बघावी तसं. वडे तळायला वेळ किती मिळेल ते बघत असावी.

१४ जानेवारी, संक्रांत

निलीकडे यंदा सण नाही, म्हणून ममताने नुसतंच भेटून ये म्हटलं. लिफ्टमध्ये दोन बायका, हळदीकुंकवाच्या साड्यांत. मला ओळखत नव्हत्या.

'ती चौथ्या मजल्यावरची परवा गच्चीवर होती म्हणे. एकटीच. तासभर.'

'या दिवसांत? वर्ष तरी होऊ द्यायचं.'

मी घसा खाकरला. दोघी लिफ्टचे आकडे वाचायला लागल्या. चौथा मजला आल्यावर उतरलो आणि वळून दोघींना तिळगूळ दिला. ममताने खिशात ठेवलाच होता. गोड बोला म्हटलं. फार गोड आवाजात नव्हतं म्हटलं, पण म्हटलं.

म्हणजे निली गच्चीवर जाते. समिधालाही माहीत नाही. बिचारी. उत्तमरावांची आठवण येत असणार, वरून डोंगर दिसतो ना.

१८ जानेवारी, रविवार

गोदामाला सुट्टी. घरात बसून उत्तमरावच आठवत राहिले.

२००१ असेल. तेव्हा ते परळच्या चाळीत एका खोलीत राहायचे आणि शनिवारीच आमच्याकडे राईला यायचे. एका रविवारी मलाही ओढलं नागला बंदरच्या डोंगरावर. मी तेव्हा नुकताच धंद्यात स्थिरावलेला, पोट सुटलेलं, पायात चामडी बूट. उत्तमरावांच्या डोक्यावर भली मोठी पांढरी टोपी, टोपीखाली ओला रुमाल, खांद्यावर दोन वर्षांची समिधा, दोन्ही हातांत पिशव्या. निली फुलपाखरासारखी पुढे. मी सगळ्यांच्या मागे धापा टाकत. दर वळणावर हे थांबायचे. 'दादा दमले असतील, बसू या.' पाच वेळा बसवलं मला. माझ्या सन्मानाची किती काळजी!

झाडावर काही हललं की निली त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची, आणि लगेच हे मोठ्याने, 'बघा दादा, तांबट!' मला कावळा आणि चिमणी सोडून तिसरं नाव येत नव्हतं. मी म्हटलं, पोस्टात बसून एवढं ज्ञान कुठून आणता? तर म्हणाले, 'घरातूनच.' नम्र माणूस.

संत्री सोलायचे ते स्वतः. पहिली फोड निलीला, दुसरी पोरीला, तिसरी मला. शेवटची स्वतःला. उरली तर.

२४ जानेवारी, शनिवार

धर्माजीला घेऊन जागा बघायला गेलो. धर्माजी म्हणजे माझा मुकादम. आम्ही दोघांनी एकाच दिवशी खांद्यावर बांबू घेतला, मी सोळाचा, तो अठराचा. मी मालक झालो, तो अजून मला अक्कल शिकवतो.

जागा सुंदर. चारी बाजूंना बांध, समोर खाडी, पलीकडे डोंगर. जमीन कोरडी ठणठणीत. टाच आपटून बघितली, चाळीस वर्षांची सवय. वारा कुठून येतो ते पाहिलं, ऊन साडेबाराला कुठे असेल ते पाहिलं, टेम्पो कुठपर्यंत येईल तेही. वर पांढरं कापड घालायचं ठरवलं, लग्नाचं झगमगीत नको.

गावातली सरूबाई बांधावर शेळी घेऊन बसलेली. नव्वदीला टेकली असेल. आम्हा भावंडांना तिने न्हाऊ-माखू घातलंय.

'काय रं गोप्या, कोनाचा मांडव?'

'निलीच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध आहे, सरूआत्ये. तू पण यायचंस.'

'गुनाचा जावई. निली येल ना? ती पोर घरान ठरत नव्हती. सदा चिंबोऱ्यांच्या मागं. आईनं कवढा मारला तिला.'

'आता शहाणी झालीय. लग्नानंतर खेकडे सोडून नवऱ्याच्या मागे मागेच असायची.'

'कवा हाय?'

'एक तारखेला.'

'तारीख मना काय समजतंय? तिथी सांग.'

एवढ्यात खुर्च्यावाल्याचा फोन आला. तो म्हणे शंभर नाहीत, ऐंशीच आहेत. त्याच्याशी हुज्जत घालून वळलो, तोवर शेळी पुढे आणि म्हातारी मागे, दोघी गेल्या होत्या.

२६ जानेवारी, सोमवार

निमंत्रणाचे फोन केले. एकही फोन दोन मिनिटांत संपला नाही. ज्याच्याकडे बघावं त्याच्याकडे उत्तमरावांची एक गोष्ट.

त्यांच्या ऑफिसातले जितेंद्र म्हणून आहेत, ते हसत हसत सांगत होते. एकदा बढती आली नागपूरला. साहेबांनी बोलावून विचारलं, का नको? उत्तमरावांनी कारण लिहून दिलं, 'पत्नीची खाडी सुटेल.' साहेब म्हणाले, अहो, नोकरी की घरगुती अर्ज? तर म्हणाले, साहेब, माझ्याकडे हे दोन्ही एकच आहे. तो कागद वर्षभर ऑफिसात फिरत होता. मी फोनवर एवढा हसलो की ममता बाहेर बघायला आली.

घोडबंदर किल्ल्याजवळचा सरबतवाला तर फोनवर रडायलाच लागला. समिधाच्या दहावीच्या वर्षी हे दर रविवारी तिला पुस्तकांसकट तिथल्या झाडाखाली बसवायचे आणि स्वतः वारा घालत बसायचे, वहीच्या पुठ्ठ्याने. पोरगी भूगोलात पहिली आली तेव्हा पेढे आधी सरबतवाल्याला, मग शाळेत.

शंभरचे एकशे तीस झाले. खुर्च्यावाल्याला पुन्हा फोन.

२९ जानेवारी, गुरुवार

निली: नाही म्हणजे नाही.

३१ जानेवारी, शनिवार

मांडव उभा राहिला. धर्माजीने गाठी अशा मारल्यात की पुढच्या पिढीलाही सुटू नयेत. संध्याकाळच्या आत सगळं झालं. बांधावर उभं राहून बघितलं, पांढरा मांडव आणि मागे डोंगर. चाळीस वर्षांत इतका देखणा मांडव मी कोणासाठी घातला नाही, स्वतःच्या मुलाच्या लग्नालासुद्धा.

समिधाचा फोन. 'मामा, आई काहीच बोलत नाहीये. मी पुण्याला नाही कळवून टाकू का?'

म्हटलं, उद्याचा दिवस जाऊ दे.

१ फेब्रुवारी, रविवार

पाय दोनदा धुतले, नखांतला चिखल गेला नाही. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळचं कार्य घरी नीट झालं. समिधानेच केलं सगळं. वडे, खीर, भाज्या टेम्पोत चढल्या. निली दारात उभी, पदर खोचलेला, चेहरा कोरा. 'या जाऊन,' म्हणाली. समिधाने बापाचा फोटो छातीशी धरला आणि जिना उतरली. लिफ्ट असून.

अकरापर्यंत माणसं यायला लागली. पोस्टातले सगळे इस्त्रीच्या शर्टांत. सोसायटीतले, सरबतवाला, गुरुजीसुद्धा. सरूबाई काठी टेकत आली. मी हात धरून पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे नेत होतो, तर हात सोडवला आणि जाऊन बसली लांब बांधावर.

'अगं, सावलीत ये.'

'मना हितंच बरा हाय.' आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं पन्नास वर्षांपूर्वी चड्डी उलटी घातल्यावर बघायची.

साडेअकरा. धर्माजी माझ्या बाजूला येऊन म्हणाला, 'शेठ, ते मागे प्लास्टिक कोणी अंथरलं?'

मांडवाच्या मागच्या, खाडीकडच्या टोकाला गवतात काहीतरी चमकत होतं. मी म्हटलं, कुठलं प्लास्टिक? आणि बघता बघता ते प्लास्टिक पुढे सरकलं.

पाणी!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आज पौर्णिमा. बाप होडीत बसवून शिकवायचा, तिथीला पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळते. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. आमच्या खाडीत आतपर्यंत यायला आणखी पाऊण-एक तास धर. म्हणजे बरोबर जेवणाच्या पंगतीला समुद्र पाहुणा! राईत जन्मलेला मी, आणि इंग्रजी तारीख धरून बसलो. गुरुजींनी कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं, माघ पौर्णिमा. मी वाचलं, रविवार. खाडीकडचा बांध एका टोकाला दोन पावसाळ्यांपूर्वी फुटलाय, हे चुलतभावाने नंतर सांगितलं. म्हणाला, 'दादा, तुला माहीतच असेल वाटलं.'

दहा मिनिटांत घोटाभर. पोस्टातले बूट हातात घेऊन उभे. गुरुजी खुर्चीवर उभे. एक बाई म्हणाली, 'हे थीमप्रमाणे आहे का?' मी धर्माजीला ओरडतोय, कनात खाली ओढ, पाणी अडव. समिधाने फोटो डोक्यावर धरलेला आणि दुसऱ्या हाताने फोन.

'आई, पाणी आलंय. सगळं बुडतंय.'

पलीकडचं मला ऐकू आलं. कान अजून शाबूत आहेत. निलीचा आवाज, पण वर्षभरात न ऐकलेला. 'पातेली आधी उचला. डाव्या हाताच्या बांधावर न्या, तो उंच आहे. दादाला सांग, कनाती सोड. पाणी अडवू नको, जाऊ दे त्याला. मी आले.'

आणि आली! दहा मिनिटांत रिक्षातून उतरली. जुनी सुती साडी, पायात रबरी चपला. पायवाट सोडून सरळ पाण्यात शिरली, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. कुठे खड्डा, कुठे घट्ट जमीन, पाय न चाचपता चालत होती. मांडवात येऊन म्हणाली, 'धर्माजीदादा, सोडा कनाती. दीड तासात ओसरेल. तोवर उपाशी ठेवायचं का माणसांना?'

डाव्या बांधावर एकशे तीस माणसं एका ओळीत बसली. पत्रावळ्या मांडीवर, पाय पाण्यावर सोडलेले. पोस्टातले, सरबतवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे एकाच रांगेत शाळेतल्या पोरांसारखे पाय हलवत वडे खात होते. फोटो कुठे ठेवायचा हा प्रश्न होता, तर सरूबाईने मांडीवर घेतला. 'जावयाला मी धरतंय. तुमी वाढा.'

निली खीर वाढत पाण्यातूनच रांगेच्या पुढून चालत होती. खाली पाणी, वर माणसं, म्हणजे वाकायलाही लागत नव्हतं. मध्येच एक निळा पक्षी पाण्यावरून गेला. कोणीतरी विचारलं, हा कुठला? निलीने नाव सांगितलं. मोठ्याने.

भाषणं ठरली होती, ती कोणी केली नाहीत. गोष्टी मात्र दोन तास चालल्या. जितेंद्रनी नागपूरच्या कागदाची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे हसले. निलीही हसली, मग पाठ वळवून डोंगराकडे बघत उभी राहिली. मी जवळ गेलो नाही.

दीडला पाणी खरंच उतरायला लागलं. मांडवाचे खांब जागचे हलले नव्हते. धर्माजीने मला दोनदा दाखवलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

अंघोळ करताना लक्षात आलं. मीरा रोडहून राई दहा मिनिटांत? रस्ता रिकामा असला तरी पंचवीस लागतात.

दुपारी हिनाला फोन केला. आधी 'मेरे को क्या मालूम भाई' केलं. मग स्वतःच हसायला लागली. 'भाई, तुम लोग निकले और पाँच मिनट में दीदी भी निकली. राई के नाके पे रिक्शा रुकवा के बैठी थी, ग्यारह बजे से.'

म्हणजे तिला त्या दिवशी दारातच कळलं होतं. साडेबारा ऐकलं तेव्हाच. वीस दिवस माझा मांडव बुडणार हे माहीत असून बहीण गप्प बसली! फोन करून जाब विचारावा म्हटलं, पण हसू आवरेना.

एक समजलं नाही. यायचंच होतं, तर नाक्यावर बसून वाट कसली बघत होती?

५ फेब्रुवारी, गुरुवार

समिधाने पुण्याचं आईला सांगितलं. मला फोनवर, 'मामा, मला वाटलं रडेल. म्हणाली, जा. आणि भेटायला शनिवारी येत जा, रविवारी मी घरी नसेन.'

संध्याकाळी पुण्याला हो कळवलं. ममताने शिरा केला.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी निलीकडे गेलो तर कुलूप. हिना म्हणाली, साडेपाचलाच गेली, एकटी. खाली बाकावर बसून राहिलो. दहाला आली, चपला चिखलाने भरलेल्या.

म्हटलं, 'बरं केलंस निली. उत्तमरावांचा नाद तू पुढे चालवतेस.'

माझ्या बाजूला बसली. म्हणाली, 'त्यांचा कसला नाद, दादा? उन्हात गेले की डोकं धरायचे ते. परळच्या त्या एका खोलीत मी घुसमटत चाललेय हे त्यांना लग्नानंतर महिन्याभरात कळलं. सासूबाई मला बाहेर सोडायच्या नाहीत. म्हणून हेच म्हणाले, आई, मला रानाचं वेड आहे, एकट्याला करमत नाही, हिला नेतो. शेवटी शेवटी त्यांनाही गोडी लागली, नाही म्हणत नाही. पण तीस वर्षं वेड माझं होतं. नाव त्यांनी स्वतःचं सांगितलं. ते गेल्यावर मी कोणाचं नाव सांगून बाहेर पडणार होते? त्या दिवशी नाक्यावरही निमित्ताचीच वाट बघत बसले होते.'

लिफ्टमधल्या त्या दोघी समोरून भाजी घेऊन येत होत्या.

'आणि आता कोणी विचारलं तर?' मी म्हटलं.

'आता माझंच सांगायचं,' निली म्हणाली, आणि चपलांचा चिखल तिथेच झटकला.